भिमाजी कंडक्टर आणि सिग्नलमाळाची गाडी

भिमाजी कोळपेचा बाप मेंढरांमागं हिंडला, आजाही हिंडला. दिवाळी झाली की कळप घेऊन घाट उतरायचा आणि पावसाळ्याच्या तोंडाशी परत वर यायचं, यातच त्यांची हयात गेली. भिमाजीला मात्र त्याच्या आईनं हट्टानं राहू गावात मावशीकडं ठेवलं. तो बारावी झाला आणि एसटीत कंडक्टर म्हणून लागला. अंगावर खाकी चढवणारा घराण्यातला पहिलाच माणूस. बाप एकदा त्याला बघायला दौंडच्या स्टँडवर आला होता. पोरगा दारात उभा राहून बेल देतोय हे बघून म्हाताऱ्यानं खांद्यावरचं घोंगडं काढून हातात घेतलं आणि साहेबापुढं उभं राहावं तसा उभा राहिला. भिमाजीनं त्याला हात केला, पण तोवर गाडी सुटली होती.

नोकरीची शेवटची अकरा वर्षं भिमाजी सिग्नलमाळाच्या गाडीवर होता.

सिग्नलमाळ ही रुळांच्या पल्याडची वस्ती. पुढच्या अंगाला रेल्वेच्या गँगमनांची जुनी घरं, त्यांच्या मागं वाढत गेलेल्या पत्र्याच्या खोल्या. कुरकुंभच्या कारखान्यांत रोजंदारीवर जाणाऱ्या बायका, शिफ्ट करणारी भाडेकरू पोरं, चार घरं धनगरांची, त्यातलंच एक भिमाजीचं. बाजार, दवाखाना, शाळा सगळं रुळांच्या अल्याड. पायी जायचं तर रुळांखालची मोरी, आणि मोरीत बाराही महिने घोटाभर पाणी. गाडीरस्ता फाटकावरून वळसा घालून यायचा. फाटकात अर्धा तास अडकायला नको म्हणून रिक्षावाले माळाचं नाव काढलं की मान हलवायचे. त्यामुळं वस्तीला वाहन एकच. सकाळी सहा चाळीसला माळावर येऊन कुरकुंभच्या दिशेनं जाणारी लाल गाडी. दुपारी तिची एक फेरी, संध्याकाळी एक.

सोजराबाई नावाची एक बाई कारखान्यात पिंपं धुवायला जायची. तिच्या नवऱ्यानं अंथरूण धरलं त्या महिन्यात एका सकाळी ती गाडीच्या पायरीवरच थांबली.

"आप्पा, आज तिकिटापुरतं बी न्हाईत. तुमी जावा, मी चालत येते."

"चालत कुरकुंभला? बसा आत," भिमाजी म्हणाला.

तिला वाटलं, उद्या मागतील. भिमाजीनं उद्याही मागितलं नाही आणि परवाही नाही. मग तिच्या शेजारणीचं तसंच झालं. मग पास संपलेल्या कॉलेजच्या दोन पोरींचं. दोन-तीन वर्षांत ती वहिवाटच पडून गेली. तिकिटाचं मशीन गळ्यात असायचं, पण बायकांच्या बाकांपाशी आला की भिमाजी खिडकीबाहेर बघत पुढं सरकायचा. गाडीत चाळीस माणसं असली तर तिकिटं फाटायची आठ-दहा.

गाडीचा ड्रायव्हर रोहिदास त्याचा जुना दोस्त. त्याला हे आरशात दिसायचं.

"भिमाजी, एक दिवस चेकिंग येतंय आन् आपण दोघंबी घरी जातोय बघ."

"तू गाडी हाक. माझी आई बिऱ्हाड डोक्यावर घेऊन घाट चढायची, तिला कुणी म्हणालं न्हाई ये, बस म्हणून."

रोहिदास गिअर बदलायचा. चेकिंग दोनदा आलंही. दोन्ही वेळा त्यानं लांबूनच जीप ओळखली, गाडी हळू केली आणि भिमाजीनं भराभरा तिकिटं काढली.

पोरींची तर या गाडीवर भलतीच भिस्त. मागच्या बाकावरून कुणी शिट्टी मारली तर भिमाजी बेल ओढून त्याला माळरानात उतरवायचा, मग तो कुणाचा का पोरगा असेना. पोरगी भिमाजीच्या गाडीत चढली म्हणजे घरी पोचली, असं आयाबाया बोलायच्या. दोन हजार वीसच्या जानेवारीत तो निवृत्त झाला त्या दिवशी बायकांनी गाडीला झेंडूच्या माळा बांधल्या. सोजराबाईनं त्याच्या हातात नारळ दिला आणि पदरानं डोळे पुसले.

दोन महिन्यांनी लॉकडाऊन लागला आणि गाडी बंद झाली. लॉकडाऊन उठला, गाडी आली नाही. पुढं एसटीचा संप झाला. संप मिटला, बाकीच्या गाड्या सुरू झाल्या, सिग्नलमाळाची नाही. लोकांनी वर्षभर वाट बघितली. मग कुणी सेकंडहँड मोटारसायकल घेतली, कुणी कामच सोडलं. बाकीचे मोरीतून चालत हमरस्त्याला जाऊन वडापच्या खाजगी जीपला लोंबकळायला लागले.

भिमाजीला एकच लेक, हर्षदा. लग्नानंतर चौदा वर्षांनी झालेली. वच्छलाबाई, म्हणजे भिमाजीची बायको, तिला फुलासारखं जपायची, आणि पोरगीही हुशार निघाली. बारावीनंतर तिनं कुरकुंभच्या पुढच्या एका फार्मसी कॉलेजात डिप्लोमाला नाव घातलं. दोन वर्षांचा कोर्स. "आण्णा, मला औषधांच्या कंपनीत लॅबमधे बसायचंय. पांढरा कोट घालून," ती म्हणायची. "पिंपं धुवायला न्हाई." पहिलं वर्ष ती मोरीतून आणि जीपनं करून पास झाली. सकाळी बूट हातात, पाणी तुडवत पलीकडं जायचं, तिथं पाय पुसून बूट घालायचे.

दुसऱ्या वर्षाच्या डिसेंबरात एका संध्याकाळी ती घरी आली तेव्हा ड्रेस एका खांद्यावर फाटलेला होता. मोरीच्या तोंडाशी मोटारसायकलवर दोघं उभे होते. एकानं ओढणी धरली, तिनं दप्तर त्याच्या तोंडावर हाणलं आणि पळत सुटली. पुस्तकं पाण्यात पडली, ती तिथंच राहिली.

"मला काय झालेलं न्हाई," ती पुन्हा पुन्हा सांगत होती. "पुस्तकं तेवढी गेली."

वच्छलाबाईनं तिला न्हाणीत नेलं. भिमाजी बॅटरी घेऊन मोरीपर्यंत जाऊन आला. तिथं कुणी नव्हतं. अकरा वर्षं त्यानं लोकांच्या पोरी दारात पोचवल्या होत्या. परत आला तेव्हा त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"उद्यापासनं जायचं न्हाई," तो म्हणाला.

"परीक्षेला पाच महिने राहिलेत आण्णा."

"मी गाडी सुरू करून घेतो. गाडी सुरू झाली की जा. माझा शब्द हाय."

"आणि तोपर्यंत?"

"तवर घरी बसून वाच."

"पुस्तकं पाण्यात गेलीत," हर्षदा म्हणाली. ती रडली नाही. भिमाजीला वाटलं, पोरीनं ऐकलं.

त्यानं खरंच मनावर घेतलं. आठ दिवस घरोघरी हिंडून चारशे बारा सह्या आणि अंगठे गोळा केले. धुतलेला पांढरा सदरा घालून तो आगारात गेला. तिथं नव्या बदलून आलेल्या मॅडम मॅनेजर होत्या. वयानं लहान, पण बोलायला सरळ. त्यांनी त्याला खुर्ची दिली, चहा मागवला, अर्ज शेवटपर्यंत वाचला आणि कपाटातून एक फाईल काढली.

"काका, सगळे म्हणतात लॉकडाऊननं ही गाडी बंद पडली. पण तिचं भारमान आधीच गेलेलं होतं. तुम्हाला सांगायला नको, गाडीत जागा किती आणि त्यातल्या किती जागांचं तिकीट फाटलं, ते भारमान. शेवटची पाच वर्षं बघा. वीस टक्के, अठरा, सतरा. जवळजवळ रिकामीच धावत होती गाडी. मी वर कुठल्या तोंडानं मागू?"

भिमाजीनं कागद बघितला. तारखा होत्या, फेऱ्या होत्या आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी कंडक्टरचा बिल्ला नंबर होता. त्याचा स्वतःचा.

"रिकामी नव्हती," तो हळूच म्हणाला.

"काय म्हणालात?"

हीच वेळ होती. पण त्याला एकदम सगळं दिसलं. बोलला असता तर चौकशी लागली असती. पस्तीस वर्षांच्या नोकरीवर डाग. स्टँडवर चहा प्यायला गेल्यावर पोरं काय म्हणाली असती? आणि रोहिदास अजून नोकरीत होता.

"काय न्हाई," भिमाजी म्हणाला. चहा तसाच ठेवून तो उठला.

घरी येऊन त्यानं सांगितलं, "बघते म्हणाल्या मॅडम." महिन्यानं हर्षदानं विचारलं, तेव्हाही तेच सांगितलं. आणखी महिन्यानं तिनं विचारणं सोडलं. तेवढ्यात शिरूरकडचं एक स्थळ आलं. विक्रम नाव, एका गोदामात सुपरवायझर, निर्व्यसनी मुलगा, देण्याघेण्याची भाषा नाही. वच्छलाबाई म्हणाली, "असं स्थळ दारी चालून आलंय. पोरीला कवर घरात कोंडून ठेवायची?" भिमाजीनं लेकीकडं बघितलं. लेक भाकऱ्या थापत होती.

"तुला पसंत हाय का?"

"गाडीचं काय झालं ते सांगा आधी," ती म्हणाली.

भिमाजी उठून ओट्यावर गेला. ज्या मे महिन्यात तिची परीक्षा होती, त्याच महिन्यात तिचं लग्न झालं.

माणूस मनातली गोष्ट दडपून किती दिवस काढील? भिमाजीनं दीड वर्ष काढलं. त्या काळात तो स्टँडकडं फिरकला नाही. सोजराबाईचं काम सुटलं. मोरीतून जाताना पाय घसरून तिचं मांडीचं हाड मोडलं होतं. ती दारात बाजेवर बसून असायची आणि भिमाजी दिसला की हाक मारायची, "आप्पा, तुमची गाडी असती तर आज मी कामावर असते." ती कौतुकानंच बोलायची. भिमाजी मागच्या बोळानं जायला लागला.

हर्षदाला मुलगी झाली. बाळ पाच महिन्यांचं झाल्यावर भिमाजी तिला बघायला एकटाच गेला, चौफुल्याला गाडी बदलून, न्हावऱ्यावरून शिरूर. लेकीचं घर नीटनेटकं होतं. जावयानं हातातलं काम टाकून विचारपूस केली, जेवताना आग्रह केला. कुठं बोट ठेवायला जागा नव्हती. दुपारी हर्षदा बाळाला घेऊन त्याला पोचवायला शिरूरच्या स्टँडवर आली. गाडीला वेळ होता. दोघं बाकावर बसली.

"आण्णा, एक विचारू? मॅडमनी तवा काय सांगितलं होतं?"

भिमाजीनं बाळाच्या तोंडाकडं बघितलं. मग सगळं सांगून टाकलं. सोजराबाई, न फाडलेली तिकिटं, ती फाईल, तो बिल्ला नंबर. आणि आपण तिथून काही न बोलता उठून आलो ते.

हर्षदानं बाळाला खांद्यावर घेतलं. समोर पुण्याची गाडी लागली, भरली, सुटली.

"सोजरामावशीला फुकट नेलंत, त्याचं मला वाईट वाटत न्हाई," ती शेवटी म्हणाली. "मला बी तुमचा लई अभिमान वाटायचा. पण तुम्ही मला सांगितलं का न्हाई? गाडी येणार न्हाई हे मला कळलं असतं तर मी दुसरं काहीतरी केलं असतं. मैत्रिणीकडं राहिले असते. पुन्हा मोरीतनं गेले असते. मी गाडीची वाट बघत बसले, आण्णा."

"चुकलं माझं."

"व्हय," ती म्हणाली. एवढंच. गाडी लागल्यावर तिनं त्याची पिशवी वर दिली आणि बाळाचा हात धरून हलवला.

दुसऱ्याच दिवशी भिमाजी आगारात गेला. मॅडम अजून तिथंच होत्या. त्यानं उभ्यानंच सांगितलं, "मॅडम, तुमच्या फाईलीतला आकडा खोटा हाय. मी खोटा केलाय."

सगळं ऐकून मॅडमनी टोपण लावलेलं पेन बोटांत फिरवलं. "काका, हे तुम्ही तोंडी बोललात तोवर मी ऐकलं नाही असं समजते. लेखी दिलंत तर मला पुढं पाठवावं लागेल. चौकशी होईल. तुमच्यासोबतच्या माणसालाही बोलावतील."

"लेखी दिल्याशिवाय गाडीचं काही व्हईल का?"

"नाही."

भिमाजीनं कागद मागून घेतला. त्याचं अक्षर चांगलं होतं. दोन पानं लिहिली, खाली सही केली. रोहिदासचं नाव त्यानं लिहिलं नाही, उलट 'ड्रायव्हरला याची कल्पना नव्हती' असं लिहिलं. पण कागदावरून ड्युटी कुणाची होती ते कळतंच.

संध्याकाळी तो रोहिदासच्या घरी गेला. रोहिदासनं दारातच ऐकून घेतलं.

"दोन वर्षं राहिलीत माझी," तो म्हणाला. "दोनच वर्षं, भिमाजी. तेवढं थांबला असतास."

"माझ्या पोरीचं..."

"तुझ्या पोरीचं लग्न झालंय." रोहिदासनं दार लावून घेतलं. पंचवीस वर्षांच्या ओळखीत ते दार भिमाजीनं पहिल्यांदाच बंद बघितलं.

चौकशी झाली. भिमाजी निवृत्त, त्याला कडक शब्दांचं एक पत्र आलं. रोहिदासची बदली दूरच्या आगारात झाली. त्यानंतर सुट्टीला घरी आलेला असताना रस्त्यात समोरासमोर आले तरी तो मान वळवून जायचा. भिमाजीनं भिंतीवरचं निवृत्तीचं मानपत्र उतरवलं आणि ट्रंकेत टाकलं. वच्छलाबाईनं कारण विचारलं तेव्हा तिलाही सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मला ठाव होतं. सोजरा मागंच बोलली होती. मला वाटलं पुण्याईचं काम हाय." मग ती चुलीपाशी जाऊन बसली आणि बराच वेळ पदर डोळ्याला लावून राहिली.

मॅडमनी मात्र गाडीचा विषय सोडला नाही. त्यांनी सांगितलं, जुने आकडे सोडा, नवे आणा. म्हणून भिमाजी पुढचे दोन महिने रोज सकाळी साडेपाचपासून मोरीच्या तोंडाशी उभा राहायचा आणि पाण्यातून पलीकडं जाणारी माणसं मोजायचा. बायका किती, शाळेची पोरं किती, शिफ्टवाले किती. सोजराबाईच्या दारात बैठक घेतली, तिथं त्यानं सगळ्यांसमोर आपली चूक सांगितली. पाठीमागून कुणीतरी म्हणालं, "म्हंजी आमच्या फुकट बसण्यानं गाडी गेली व्हय?"

"तुमच्या न्हाई. माझ्या," भिमाजी म्हणाला. "मी तवा तुमचे पास काढून द्यायला पायजे होते. शाळेत जाऊन सह्या आणायला पायजे होत्या. ते केलं न्हाई. खिडकीबाहेर बघितलं, ते सोपं होतं."

सोजराबाई बाजेवरून म्हणाली, "आता बायांना अर्धं तिकीट झालंय. गाडी आली तर एकीनं बी फुकट बसायचं न्हाई. मी सांगते."

जानेवारीत तीन महिन्यांच्या बोलीवर गाडी मिळाली. सकाळची एक फेरी, संध्याकाळची एक. सोमवारी सहा चाळीसला फाटकावरून वळून ती माळावर आली तेव्हा पोरांनी ओरडून सगळी वस्ती उठवली. कंडक्टर म्हणून मोनाली नावाची तरुण मुलगी होती. तिला भिमाजी कोण ते ठाऊक नव्हतं. बायका रांगेनं चढल्या आणि हातात पैसे धरूनच बसल्या. भिमाजी शेवटी चढला.

"आबा, कुठं?"

"कुरकुंभ एक."

"सुट्टे द्या," मोनाली म्हणाली आणि तिकीट त्याच्या हातावर ठेवून पुढं गेली.

कुरकुंभला उतरून त्यानं हर्षदाला फोन लावला. "गाडी सुरू झाली बाय. सगळ्या जागा भरल्या. लोक उभे होते."

"बरं झालं, आण्णा," ती म्हणाली. मागं बाळ रडत होतं. "मी नंतर करते हां." त्या दिवशी तिचा फोन आला नाही.

तीन महिन्यांनी गाडी कायम झाली. पुढं दुपारची फेरीही मिळाली. माळावरच्या सहा पोरी आज त्या गाडीनं कॉलेजला जातात. भिमाजीनं एकदा गुपचूप त्या फार्मसी कॉलेजात जाऊन हर्षदाचं विचारलं. क्लार्कनं रजिस्टर बघून सांगितलं, एवढा खंड पडल्यावर पहिल्या वर्षापासून पुन्हा नाव घालावं लागेल. त्यानं हे तिला सांगितलं. यावेळी काही लपवलं नाही. "बघू," ती म्हणाली. "बाळ लहान हाय अजून." विक्रमही म्हणाला, शिकू दे की. पण शिरूरहून ते कॉलेज किती लांब, आणि हिच्यामागं घरची कामं.

पंचमीला ती माहेरी आली, नवऱ्याच्या मोटारसायकलवरून. विक्रम तिला सोडून गेला, ती दोन दिवस राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीचा हॉर्न वाजला तेव्हा ती लेकीला दूध पाजत होती. पाजता पाजता उठून दारात आली. दप्तरवाल्या पोरी धावत होत्या. एकीचा दुपट्टा दारात अडकला, दुसरीनं हसत सोडवला.

वच्छलाबाई म्हणाली, "जाऊन ये की गं कुरकुंभपातूर. बापानं एवढी मरमर करून आणलीय गाडी. पोरीला मी बघते."

"नको," हर्षदा म्हणाली. "उतरू कुठं मी?"

तिनं रागानं म्हटलं नव्हतं. खरंच विचारल्यासारखं म्हटलं होतं. गाडी धूळ उडवत वळली आणि फाटकाकडं निघून गेली. ओट्यावर बसलेल्या भिमाजीनं ते ऐकलं. थोड्या वेळानं तो उठला, नातीला तिच्याकडून घेतलं आणि कोपऱ्यावरच्या दुकानाकडं चालायला लागला. नातीला बिस्किटाचा पुडा हवा होता.